मालक आत नाहीत

"तीस दिवस! एकही दिवस चुकणार नाही! वेबसाइट अशी ताजी ठेवीन की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आत्ताच तव्यावरून उतरवलीय!"

असं चौकटकाकांनी फोनवर लेकीला ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांची बायको स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "अहो, आधी भिंतीवरचं कॅलेंडर बदला. ते गेल्या वर्षीचं आहे."

चौकटकाका म्हणजे फोटोंना चौकटी करून देणारे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीपुढे त्यांनीच विक्रीचा एक भला मोठा आरसा टांगून ठेवल्यामुळे ते कित्येक वर्षांत कोणी वाचलं नव्हतं. वेबसाइटची तऱ्हाही तीच. लेकीने चार वर्षांपूर्वी हौसेने ती बनवून दिली आणि काकांनी त्यानंतर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्यावर जो फोन नंबर होता, तो फोन कधीच काढून टाकला होता. 'नवीन वर्षाची खास सवलत' चार वर्षं चालूच होती. दुकान सकाळी नऊला उघडतं असं लिहिलं होतं आणि काका साडेदहाला उघडत. एक बाई त्या भरवशावर नऊला येऊन, आपल्या आजोबांचा फोटो मांडीवर घेऊन, दीड तास पायरीवर बसून राहिल्या. त्यांनी ते वेबसाइटवर सविस्तर लिहिलं आणि लेकीने वाचलं.

"बाबा, तुमच्याने आता होत नाही," लेक म्हणाली. "दुकानाला कुलूप लावा आणि दोघंही इकडे माझ्याकडे राहायला या. तसंही तिथे येतं कोण?"

हे शेवटचं काकांना फार लागलं. चाळीस वर्षं ज्या खोलीत लाकडाचा भुसा खाल्ला, तिच्याबद्दल 'येतं कोण'? तिथल्या तिथे पैज लागली. महिनाभर रोजची माहिती रोज टाकायची, आणि ती खरी असायची. जमलं तर लेक दुकान बंद करण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. एक दिवस जरी चुकीचं सापडलं तरी कुलूप!

लेकीने काकांच्या फोनवर सोय करून दिली. एका चौकोनात लिहायचं, बटण दाबायचं, की ते वेबसाइटवर सगळ्यात वर ठळक अक्षरांत झळकायचं. काकांना ते भलतंच आवडलं. इतकं की दुसऱ्याच दिवसापासून गावाला त्यांच्या बारीकसारीक हालचाली कळू लागल्या.

'मालक आत आहेत.'

'मालक आत नाहीत. समोर चहाला.'

'मालक आत आले. चहा पाणचट होता.'

'बारीक खिळे आले.'

'एक काच फुटली. कोणाची ते आज सांगत नाही.'

शेजारच्या दुकानातला शिंपी एकदा कंटाळून म्हणाला, "काका, शिंक आली तर तीही टाका आता!"

"टाकली होती," काका म्हणाले. "लेकीने काढायला लावली."

एकोणतीस दिवस असे बिनचूक गेले. लेकही फोनवर जरा नरमाईने बोलू लागली होती. तिचं म्हणणं एकच राहिलं होतं, की वेबसाइटवर तुमचा एक फोटो हवा, लोकांना माणूस दिसला की विश्वास बसतो.

तिसाव्या दिवशी सकाळी काकांनी तेही काम उरकलं. तरुणपणचा एक गंभीर, काळा-पांढरा फोटो शोधून काढला आणि दुकानातल्या सगळ्यात भारी, काळ्याभोर नक्षीदार चौकटीत बसवला. चौकटवाल्याचा फोटो चौकटीशिवाय टाकायचा म्हणजे शिंप्याने उघडं हिंडण्यासारखं! मग त्या चौकटीसकट फोटोचा फोटो काढून त्यांनी तो वेबसाइटवर चढवला आणि लांबून बघून स्वतःवरच खूश झाले.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. नवा दवाखाना उद्या सुरू होणार, आणि आरसा अजून जमिनीवर! आत्ताच्या आत्ता या!

काकांची धांदल उडाली. शिडी काढली, खिळे खिशात कोंबले. पण पैज म्हणजे पैज. हाताला डिंक लागलेला, चष्मा कपाळावर, अशा अवस्थेत त्यांनी एका बोटाने टाइप केलं, की मालक आत नाहीत, सायंकाळी पाच वाजता दुकानात, चौकशी शेजारी शिंप्याकडे. आता या फोनची एक खोड असते, ती तुम्हालाही ठाऊक असेल. माणसाने अर्धं लिहिलं की तो पुढचं स्वतःच्या मनाने लिहून मोकळा होतो. काकांनी 'आत' लिहिलं आणि फोनने त्याला आपल्या पदरचा एक काना जोडला. काकांनी न बघता बटण दाबलं, फोन बंद करून दुकानातच चार्जिंगला लावला, किल्ली शिंप्याच्या हातात कोंबली आणि शिडी खांद्यावर टाकून ते चालू लागले.

आणि वेबसाइटवर, काळ्या चौकटीतल्या त्या गंभीर फोटोच्या खाली, ठळक अक्षरांत झळकलं:

'मालक आता नाहीत. सायंकाळी पाच वाजता दुकानात. चौकशी शेजारी शिंप्याकडे.'

काकांना याचा पत्ताही नव्हता. ते दवाखान्यात आरसा लावत होते आणि डॉक्टर खाली उभे राहून "थोडा डावीकडे, आता थोडा उजवीकडे, आता होता तिथेच" असं करत होते. आरसा झाल्यावर दातांची बारा चित्रं लावायची निघाली. काम मनासारखं झालं, डॉक्टरांनी वाखाणलं, आणि काका शीळ घालत परत निघाले. आज शेवटचा दिवस. पैज जिंकल्यातच जमा होती!

कोपऱ्यावरून वळले आणि थबकले. दुकानासमोर ही गर्दी! रस्ता अर्धा अडलेला. लोक आत जात होते, बाहेर येत होते, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या काखेत कागदात गुंडाळलेली चौकट! काकांचा ऊर भरून आला. लेक म्हणत होती ते अक्षरशः खरं होतं. वेबसाइटवर माणूस दिसला की गिऱ्हाईक धावत येतं!

त्यांच्या डोक्यावर भिंतीचा चुना, खांद्यावर शिडी, त्यामुळे कोणी ओळखलं नाही. त्यांनी सगळ्यात मागे उभ्या असलेल्या चष्मेवाल्याला विचारलं, "काय हो, फारच गर्दी?"

चष्मेवाला मागे न बघताच म्हणाला, "चौकटकाका गेले ना."

"हो, गेले होते. पाचला येणार होते, आले!"

चष्मेवाल्याने मान हलवली. "धक्का बसलाय तुम्हाला. होतं असं. मलाही दुपारी खरं वाटेना."

"काय खरं वाटेना?"

"शिडीवरून पडले," पलीकडची एक बाई हळूच म्हणाली. "शिंप्याने बारा वाजता शिडी घेऊन जाताना पाहिलं होतं. तेच शेवटचं!"

"अगदी वरच्या पायरीवरून," आणखी कोणीतरी भर घातली.

काकांनी खांद्यावरच्या शिडीकडे पाहिलं. मग माना उंचावून सगळे बघत होते तिकडे पाहिलं. दुकानाच्या दारात स्टुलावर त्यांचाच काळ्या चौकटीतला फोटो मांडलेला! शेजारच्या दुसऱ्या स्टुलावर निवृत्त मुख्याध्यापक चढले होते आणि रुमालाने डोळे टिपत बोलत होते.

"असा माणूस होणे नाही! माझ्या आईचा फोटो वाळवीने खाल्ला होता. काकांनी आठ दिवस बसून तो जोडला. मी विचारलं, एवढा त्रास का घेतलात? तर म्हणाले, आई एकच असते, चौकटी काय, ढिगाने पडल्यात."

काकांना आता सगळं उमगलं. ओरडून सांगायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण खरं सांगायचं तर त्यांचे पाय हललेच नाहीत. चाळीस वर्षांत कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं, आणि मध्ये तोंड घालणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी शिडी हळूच खाली टेकवली आणि एखादं मिनिट ऐकायचं ठरवलं.

"स्वभावाने मऊ," मुख्याध्यापक म्हणाले.

काकांनी मान डोलावली.

"शब्दाला पक्के!"

काकांचे डोळे पाणावले.

"आता त्यांच्या चौकटी थोड्याशा डावीकडे झुकायच्या, ही गोष्ट वेगळी…"

"झुकायच्या?" काका कडाडले. "कोण म्हणतं झुकायच्या? तुमच्या भिंती वाकड्या आहेत, मास्तर!"

मुख्याध्यापक स्टुलावरून खाली आले, पण पायांनी नव्हे! चष्मेवाल्याने आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शिंपी दारातूनच किंचाळला, "काका! तुम्ही तर नाही आहात!"

"कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणता! वेबसाइटवर!"

गर्दी बाजूला सरली आणि काकांची बायको समोर आली. तिने त्यांना डोक्यावरच्या चुन्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं.

"मी सांगत होते सगळ्यांना," ती म्हणाली. "मला न सांगता हे साधे केस कापायला जात नाहीत, तर असे कुठे जातील? आणि डबा का विसरलात हो घरी?" एवढं बोलली आणि तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडू लागली. काकांनी पाहिलं, तिच्या एका पायात तिची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात त्यांची. त्यांना मनातल्या मनात फार लाज वाटली. ते तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात धरला.

"पण हे लोक काय घेऊन चाललेत?" थोड्या वेळाने त्यांनी शिंप्याला विचारलं.

"आपापले फोटो, काका! कोणी सहा वर्षांपूर्वी टाकलेला, कोणी दहा. 'उद्या नेतो' म्हणून गेले ते गेलेच होते. आज कळलं तुम्ही नाहीत, म्हटल्यावर सगळ्यांना धास्ती, आता फोटो मिळतो की हरवतो! दुपारपासून रांग आहे. ते रांगणारं बाळ आठवतंय का, चौकोनी चौकटीतलं? ते स्वतः येऊन आपला फोटो घेऊन गेलं. मिशा आहेत त्याला!"

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून लेक धावत आली. दोन तास बसमध्ये, काकांचा फोन लागत नाही, आई फोनवर नुसतं "सकाळी तर होते गं" एवढंच म्हणतेय, अशा अवस्थेत ती आली होती. तिने बापाला पाहिलं, मिठी मारली, आणि मिठी न सोडताच झापायला सुरुवात केली.

"'आत'ला एक काना जास्त दिलात, बाबा! एक काना!"

"एका कान्याने माणूस मरतो का?"

"मराठीत मरतो!"

लोक पांगले. मुख्याध्यापक लंगडत घरी गेले. जाताना त्यांनी आपली भिंत ओळंब्याने तपासून घेण्याचं कबूल केलं. दुकानात तिघंच उरली. काका उठले, खिळ्यावरचं कुलूप काढलं आणि लेकीपुढे धरलं.

"हरलो. तिसाव्या दिवशी चुकलं, आणि चुकलं तेही असं, की तुम्हा दोघींना रडवलं. उद्यापासून आवराआवर करतो."

लेकीने कुलूप घेतलं नाही. ती दारातून बाहेर बघत होती. तिथे अजून दोघंतिघं उभे राहून, काका खरंच आहेत ना, याची खात्री करून घेत होते.

"मी म्हणाले होते, इथे येतं कोण," ती म्हणाली. "बसमधून उतरले तर रिक्षावाला रडत होता, बाबा. मला म्हणाला, माझ्या लग्नाच्या फोटोला त्यांनीच चौकट केली. मला नव्हतं माहीत, इतकी माणसं आहेत तुमची. ठेवा ते कुलूप. दुकान चालू राहणार. हा विषय पुन्हा काढणार नाही." मग तिने नाक पुसलं. "पण वेबसाइट यापुढे मी बघणार. तुम्ही बोटही लावायचं नाही. द्या तो फोन, आधी ते वाक्य काढून टाकते. अख्खं गाव सुतकात बसलंय!"

काकांनी मुकाट्याने फोन दिला. केवढं ओझं उतरलं होतं! त्यांनी समाधानाने दुकानभर नजर फिरवली. मागची भिंत इतकी वर्षं चौकटींच्या थप्प्यांमागे दडलेली, आज पहिल्यांदा दिसत होती. तिचा रंग पिवळा आहे हे ते विसरूनच गेले होते. खाली कोपऱ्यात फक्त तीन चौकटी उरल्या होत्या. काका वाकले, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि घाईघाईने लेकीचा हात धरला.

"थांब, थांब! काढू नकोस! तिघं यायचे राहिलेत. परवापर्यंत राहू दे!"