तळ्यातले ठिपके

"साहेब, सात नंबर चालू झालाय," आरेखक बाई हळूच म्हणाल्या.

शास्त्रज्ञाने मान वर केली. सात नंबरचा फोन त्याच्या बायकोचा. जुनी झाडं आणि दगडी अवशेष नकाशावर आणायचं काम दोघं मिळून करायची. ती हिंडून फोनवर एकेक जागा नोंदवायची, तो ऑफिसात बसून नकाशा जुळवायचा. तिला जाऊन आठ महिने झाले होते.

पडद्यावर निळा ठिपका उमटला. मग शेजारी दुसरा. तळ्याच्या ऐन मधोमध.

"वहिनी पाण्यावर चालतायत हो."

"काहीतरीच काय! फोन चोरून नावेत चाळे चाललेत कुणाचे तरी." पण तो उठलाच. संध्याकाळी नकाशा रस्तेवाल्यांकडे जायचा होता. नकाशात नसलेलं प्रत्येक झाड उद्या तुटणार होतं.

त्याने तळ्यावर जाऊन नाव घेतली आणि वल्ही मारत मध्यावर आला. आसपास चिटपाखरू नव्हतं. पाणीही हलत नव्हतं.

"काठावरच्या जुन्या मनोऱ्यासमोर आहात ना?" बाई फोनवर विचारत होत्या. "मग त्या तुमच्याकडेच येतायत. वीस पावलं... दहा..."

"इथे कुणी नाहीये!"

"आता नावेतून आरपार गेल्या. साहेब, अंगाला काही लागलं का?"

तो ताडकन उठला. नाव कलंडली. तळं उथळ म्हणून वाचला. फोन डोक्यावर धरून तो काठाकडे निघाला.

"जावईबापू! कपड्यांसकट?"

काठावरच्या झाडीत सासूबाई उभ्या होत्या. हातात लेकीचा फोन.

"तुम्ही इथे काय करताय?"

"झाडांवर लाल खुणा केल्यात मेल्यांनी. तुमच्या कच्च्या नकाशात इथे एकही झाड नाही म्हणे. पोरीने शिकवलं होतं, खोडाला हात लावायचा अन् बटण दाबायचं. म्हटलं, पुन्हा मोजावीत."

तो कमरेइतक्या पाण्यात थबकला. ठिपके बरोबर होते. नकाशा बसवताना त्यानेच चुकून तळं दोनशे पावलं सरकवलं होतं. बायकोची दोनशे अकरा झाडंही नकाशावर पाण्यात पडली होती, आणि 'पाण्यात झाडं उगवतात का?' म्हणत त्याने ती काढून टाकली होती.

"बाई, नकाशा पाठवू नका," तो फोनवर म्हणाला. "तळं चुकलंय. तिची काढलेली झाडं परत आणा. सगळी."

"तेव्हा पोरगी फार चिडली होती हो," सासूबाई म्हणाल्या. "म्हणायची, ह्यांना एकदा तळ्यात नेऊन उभं करते, मग पटेल."

"पटलं," तो म्हणाला. पाण्याकडे बघून.