तीन बंदुकांना एक सायलेन्सर

लवू परबाचा रजेचा अर्ज अबू मिशालच्या टेबलावर सोळा दिवस पडून होता आणि त्यावर एक पितळी काडतूस ठेवलेलं होतं. एसीच्या वाऱ्याने कागद उडू नये म्हणून ते ठेवलंय, अशी लवू स्वतःची समजूत घालत असे. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीचं लग्न'. तारीख तेरा मे, शुक्रवार, गोरज मुहूर्त. एवढं स्वच्छ कारण कंपनीच्या इतिहासात कुणी दिलं नसेल. बाकीचे लोक दरवर्षी आईला मारून रजा काढत.

लवू कुवेतमधल्या शुऐबाच्या एका कंत्राटदार कंपनीत स्टोअरकीपर होता. पाइप, व्हॉल्व्ह, फ्लँज, नटबोल्ट यांच्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. अबू मिशाल कंपनीचा मालक आणि लवूचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो. त्याच्या सहीशिवाय कपाटातला पासपोर्ट हलत नसे आणि पासपोर्टाशिवाय लवू. कुडाळजवळच्या गावात त्याची बायको मालन आणि मुलगी प्राची. गेल्याच महिन्यात फोनवर प्राची म्हणाली होती, "बाबा, माझ्या दहावीक तुमचो फोन इलो, साखरपुड्याक तुमचो फोन इलो. लग्नाक फोन नको. तुमी येवा."

"येतंय गो," लवू म्हणाला होता. कन्यादान आपण करायचं, हे त्याने ती जन्मली त्या दिवशीच ठरवलं होतं. तेव्हाही तो कुवेतमध्येच होता.

सतराव्या दिवशी मालकाचं बोलावणं आलं.

"लवू, तुम साइज का आदमी," अबू मिशाल म्हणाला. "मेरे पास तीन बंदूक. एक छोटा, एक बीचवाला, एक बडा. जुम्मे को खैरान जाता, उधर मेरा समुंदर वाला बंगला, शाले, उसके पीछे निशाना मारता. अंदर मेरा अम्मा दोपहर को सोता. मैं फायर करता, अम्मा उठता. अम्मा उठता तो चप्पल उठाता." पन्नाशीच्या त्या धिप्पाड माणसाने नकळत डोक्यावरून हात फिरवला. "मेरे को सायलेन्सर मंगता. तीन के वास्ते एक."

"अरबाब, तीन बंदूक के लिए तीन सायलेन्सर—"

"तीन क्यों? मैं तीन बंदूक एक साथ चलाता?"

हे बिनतोड होतं.

"तुम अच्छा सिलेक्शन करो. फिर ये..." अबू मिशालने काडतुसावर बोट टेकवलं, "इंशाल्ला."

एकोणीस वर्षांत लवूने इंशाल्लाचे नाना अर्थ अनुभवले होते. त्यातला एक 'हो' असाही असू शकतो, या आशेवर तो बाहेर पडला.

बाहेर कंपनीचा ड्रायव्हर मजीद गाडीला टेकून उभा होता. हा मंडणगडकडचा. अरबी फाडफाड बोलायचा आणि बोलताना आपल्या पदरचे चार आणे घालायचा.

"मजीदभाय, माका बंदुकीतला काय कळता?" लवू रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझ्या आजोबान डुकरांसाठी ठासणीची बंदूक ठेवलेली. ती जन्मात एकदाच उडाली, ती पण आमच्याच कौलात."

"तू गाडीत बस तरी," मजीद म्हणाला. "शहरात नझीरभाईचा शिकारीच्या सामानाचा दुकान हाय. तो सांगंल. परवान्याचा कागद मालकाच्या नावावर होईल, तो तुझा विषय नाय."

नझीरभाई हा शांत, दाढीला मेंदी लावणारा माणूस. त्याने कॅटलॉग उघडला आणि दोन वाक्यांत विषय संपवला. "देखो भाई, बडे बोअर, मतलब मोटी नली, के लिए बना हुआ छोटे पे चलेगा. आवाज जरा ज्यादा आएगी, बस. लेकिन छोटे के लिए बना हुआ बडे पे लगाया..." त्याने दोन्ही मुठी तोंडासमोर धरून बोटं फाकवली. "तो अम्मा अकेली नहीं उठेगी. पूरा मोहल्ला उठेगा, जनाजे के लिए."

शिवाय, तो म्हणाला, प्रत्येक बंदुकीच्या नळीचे आटे वेगळे. म्हणून सायलेन्सर एक आणि तो बसवायला तीन कड्या. आणि सिनेमात दाखवतात तसं फुस्स वगैरे काही होत नाही. बंदूक ती बंदूकच, भडका जाईल, ठोका राहील. जाड भिंत आणि एसी असला की म्हातारीला पुरे.

लवूचा चेहरा उजळला. "मजीदभाय, हें तर रिड्यूसर! मोठ्या साइजचो माल घेवचो आणि बारीक पायपाक कडी लावची. हें मी झोपेत करीन!"

झोपेत केलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने ते जागेपणी, कंपनीच्या पद्धतीने केलं. म्हणजे परचेस मॅनेजर प्रीतम साठे यांच्याकडे गेला.

साठे मूळचे पुण्याचे. खुर्ची घ्यायची असो की खिळा, तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता, यापलीकडे जगात काही आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. मालकाची खाजगी वस्तू असली तरी ती कंपनीमार्फत येणार, म्हणजे नियमात येणार. लवूने तीन कोटेशनं आणली. एक छोट्या बंदुकीच्या सायलेन्सरचं, एक मधल्याचं, एक मोठ्याचं. साठ्यांनी तक्त्यावर पट्टी ठेवली.

"परब, लोएस्ट कुठलं?"

"साहेब, हे पहिलं. पण ते फक्त छोट्या बंदुकीचं आहे."

"वस्तूचं नाव काय लिहिलंय? सायलेन्सर. तिघांनी सायलेन्सरच दिलाय ना? मग लोएस्ट घ्या."

"साहेब, मोठ्या बंदुकीवर तो फुटेल. मालकांच्या तोंडावर."

"तसं असेल तर रिमार्क कॉलममध्ये लिहा. कॉलम कशासाठी दिलाय?"

लवूने रिमार्क कॉलममध्ये इंग्रजीत लिहिलं, 'मे बर्स्ट.' साठ्यांनी वाचलं, त्याच्याखाली हिरव्या शाईने 'नोटेड' लिहिलं आणि लोएस्टवर सही केली. मालकाचं तोंड नियमानुसार फुटणार होतं आणि त्याची नोंदही झाली होती.

त्या दुपारी लवू जेवला नाही. मालक मेला तर सही कोण करणार? नुसता भाजला तरी तो सही करायच्या मनःस्थितीत नसणार. शेवटी मजीदला दुभाषा म्हणून घेऊन तो थेट मालकाच्या केबिनमध्ये शिरला. लवू एक वाक्य बोलला. मजीद त्यावर सात मिनिटं अरबीत बोलला, मध्ये दोनदा जमिनीवर बसला आणि एकदा स्वतःची दाढी धरून खिडकीबाहेर फेकल्यासारखं केलं. अबू मिशालचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय सांगितलंस रे?" बाहेर आल्यावर लवूने विचारलं.

"तू सांगितलास तेच. फक्त एक माणूस घातला. सौदीत एकानं चुकीचा लावला, तर त्याची दाढी पडोशाच्या घरात मिळाली."

"कोण तो?"

"माहीत नाय. पण असंल कोणतरी."

लोएस्ट रद्द झालं, मोठ्या बोअरचा सायलेन्सर मागवला गेला. साठ्यांनी लवूला बोलावलं आणि अतिशय दुखावल्या आवाजात म्हणाले, "परब, तुम्ही मला बायपास केलंत. ठीक आहे. आता ही वस्तू स्टोअरची. दर वेळी तुमच्या सहीने जाईल आणि तुमच्या सहीने परत येईल."

माल एप्रिलच्या मध्याला आला. आणि इथेच लवूने ती चूक केली, जी त्याने गेली एकोणीस वर्षं शहाणपण म्हणून केली होती. परदेशात ज्याच्यावाचून अडत नाही त्याला परत पाठवतात, हे तो पहिल्याच वर्षी शिकला होता. म्हणून त्याचं स्टोअर त्याच्याशिवाय कुणालाही वाचता येत नसे. रॅकवरच्या खुणा त्याच्या, क्रम त्याचा, आणि दीड इंची एल्बो कुठे आहे हे जगात त्या एकट्यालाच ठाऊक. हाताला तीच सवय. त्याने तिन्ही कड्यांवर पंचाने बारीक टिंबं मारली. कुठल्या टिंबाची कडी कुठल्या बंदुकीला, हे कुठेही लिहिलं नाही.

पहिल्या शुक्रवारी खैरानला लवूने कड्या चढवल्या. अबू मिशालने श्वास रोखून, तोंड शक्य तितकं मागे घेऊन चाप ओढला. 'ठप' असा आवाज झाला, कुणीतरी दूर गादी झटकल्यासारखा. छोट्या बंदुकीने झालं, मधलीने झालं, मोठीने झालं. आत मालकाची आई, म्हातारी हज्जा, संध्याकाळच्या नमाजापर्यंत घोरत होती. अबू मिशालने लवूच्या कपाळाचं चुंबन घेतलं. एकोणीस वर्षांत त्याने लवूला पहिल्यांदाच हात लावला होता.

शनिवारी लवू केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. "अरबाब, मेरा छुट्टी."

अबू मिशालने काडतूस उचललं. पेन उचललं. तारीख वाचली. पेन ठेवलं. काडतूस ठेवलं.

"तेरा मे को मेहमान आता. मेरा चचा का लडका सब. सायलेन्सर देखने को. तुम चौदा को जाओ."

"अरबाब, शादी तेरा को है."

"कडी कौन लगाएगा?"

लवूने रातोरात तक्ता केला, एक टिंब छोटी, दोन टिंबं मधली, तीन टिंबं मोठी, इंग्रजीत आणि चित्रांसकट, आणि दुसऱ्या दिवशी मजीदला शिकवून मालकासमोर उभा केला. मजीदने तिन्ही कड्या डोळे मिटून ओळखल्या.

अबू मिशालने त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःची दाढी चाचपली. "मजीद ने खुद बोला, दाढी पडोसी के घर में मिला. नहीं. ओन्ली लवू." मग तो अगदी प्रेमाने म्हणाला, "देखो लवू, शादी में दुल्हा मंगता, दुल्हन मंगता. सायलेन्सर में तुम मंगता."

एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी धडपडला तो मान लवूला असा मिळाला. त्याच्यावाचून कंपनीचं खरोखरच अडलं होतं. मजीद बाहेर मान खाली घालून उभा राहिला. त्याने पदरच्या घातलेल्या त्या एका माणसाने घात केला होता.

"रजा मिळाली?" मालनने फोनवर विचारलं.

"मिळाली. तेराच्या नंतरची."

"तेराच्या नंतर काय असा?"

"कन्यादान धाकट्या भावाक करांदे," लवू म्हणाला, आणि कार्ड संपल्याचं खोटं सांगून त्याने फोन ठेवला.

तेरा तारखेला खैरानला पाहुण्यांची रांग लागली होती. व्हरांड्याच्या सावलीत बसून ते एकेक गोळी मारत आणि सायलेन्सरची तोंड भरून स्तुती करत. लवू कड्या बदलत होता. एक टिंब, तीन टिंबं, दोन टिंबं. चार वाजता त्याचा मोबाइल वाजला. तिकडे साडेसहा झाले होते. भावाने फोन मांडवात धरून ठेवला होता.

"अरबाब, दो मिनिट फायर बंद..."

"क्यों बंद? आवाज किधर है?" अबू मिशाल अभिमानाने म्हणाला.

तेही खरं होतं. लवूने मधल्या बंदुकीला कडी चढवली आणि शालेच्या भिंतीशी जाऊन फोन कानाला घट्ट धरला. सायलेन्सर इतका चांगला निवडला गेला होता, की मंगलाष्टकातला शब्दन् शब्द त्याला ऐकू आला. भटजींचा बसलेला आवाज, मालनचं नाक ओढणं, कुणाचं तरी पोर. मागे ठप, ठप. मग 'सावधान', वाजंत्री, आणि फोनवर अगदी जवळ प्राचीचा आवाज, "बाबा, तुमी आसास मा?"

"आसंय," लवू म्हणाला, आणि मग त्याला आवरेना. पन्नाशीला आलेला तो माणूस भिंतीवर डोकं टेकून मोठ्याने, गळा काढून रडला. त्या आवाजाला बसेल अशी कडी कुणाकडे नव्हती.

आतली कडी वाजली. हज्जा दारात उभी होती, हातात चप्पल. महिनाभरात तिची झोप पहिल्यांदाच मोडली होती. तिने लवूकडे पाहिलं, मजीदला काय झालं ते विचारलं. या वेळी मजीदने आपल्या पदरचं काही घातलं नाही. एकाच वाक्यात सांगितलं. म्हातारीने चुलतभावांच्या देखत लेकाला दोन चपला हाणल्या आणि म्हणाली, उद्या सकाळी सही कर. तिसरी चप्पल तिने सायलेन्सरला मारली.

शनिवारी सकाळी सही झाली. लवू अर्ज घेऊन धावतच साठ्यांकडे गेला; मालकाच्या सहीनंतर रजेची नोंद तेच करत. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

"परब, कारण 'मुलीचं लग्न'. ते काल झालं ना?"

"झालं साहेब."

"मग झालेल्या लग्नाला जायला रजा कशी देता येईल? हे कारण संपलं. नवीन अर्ज द्या. त्यावर नवीन सही आणा." त्यांचाही आवाज किंचित ओलावला. "काही म्हणायचं असेल तर रिमार्क कॉलम आहेच."

लवूने पेन उचललं. 'कारण' मध्ये त्याने लिहिलं, 'मुलगी सासरी गेली.' रिमार्क कॉलममध्ये लिहिलं, 'मी नव्हतो.' साठ्यांनी दोन्ही वाचलं आणि हिरव्या शाईने 'नोटेड' लिहिलं.

तोवर हज्जा मक्केला, उम्र्याच्या यात्रेला निघून गेली होती. आठवडाभराने लवूला केबिनमध्ये बोलावणं आलं. नवा अर्ज टेबलावर होता, आणि एसीच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर काडतूस ठेवलेलं होतं. फक्त ते आधीचं नव्हतं. हे चांगलं वीतभर लांब होतं.

"आओ लवू, आओ," अबू मिशाल म्हणाला. "मैं नया बंदूक लिया. बहुत बडा. वो सायलेन्सर इसको छोटा पडता. अब चार के वास्ते एक मंगता."