अठ्ठावन्न किलो जास्त

विमानाच्या शेपटीत शिरावं तर आम्हीच! ही बढाई नाही, आमच्या शेडमध्ये कुणालाही विचारा. लग्नात माझं वजन अठ्ठावन्न किलो होतं आणि आजही अठ्ठावन्नच आहे. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचले. जिन्याखाली, मोरीमागे, टाकीच्या बुडाशी, जिथे मांजरसुद्धा विचार करून जाईल तिथे मी वही घेऊन बिनदिक्कत शिरत असे. त्यामुळे निवृत्तीनंतर जुन्या लढाऊ विमानांच्या संग्रहालयात हौशी कामगार म्हणून नाव घातलं, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी नेमणूक शेपटीत झाली.

विमान म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येतं तसलं नव्हे. हे युद्धाच्या काळातलं, दोन मजली पंखांचं, पुढेमागे दोन उघड्या खुर्च्यांचं. नवशिक्या वैमानिकांना यात शिकवायचे. आत नळ्यांचा सांगाडा आणि वरून ताणून शिवलेलं कापड, एवढाच काय तो थाट. म्हातारपणी ते लिलावात कुणीतरी घेतलं आणि त्यात कोंबड्या पाळल्या. आम्ही ते सोडवून आणलं तेव्हा पहिला महिनाभर नुसती पिसं काढत होतो.

आमचे प्रमुख म्हणजे उस्ताद. हवाई दलात चाळीस वर्षं मेकॅनिक होते. माणूस लोण्यासारखा, पण हत्यारांच्या बाबतीत महाकडक. शेडच्या भिंतीवर त्यांनी एक मोठा फळा टांगलाय. प्रत्येक पान्याची, पक्कडीची, स्क्रू ड्रायव्हरची त्यावर लाल रंगात बाह्याकृती काढलेली आहे. काम झालं की हत्यार आपापल्या आकृतीवर टांगायचं. एक जरी आकृती रिकामी दिसली तरी सगळं काम बंद. कारण विमानात विसरलेला पाना एखाद्या तारेत अडकला की वैमानिकाचा कारभार आटोपलाच. हे उस्ताद आम्हाला आठवड्यातून तीनदा सांगतात आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून सांगतात.

कापड शिवायचं काम सुरुवातीला आम्ही पुरुषांनीच घेतलं होतं. एक दिवस माझी बायको डबा द्यायला आली. तिने पंखाखाली वाकून आमचे टाके पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाली की गोणीसुद्धा याहून बरी शिवतात. दुसऱ्या दिवशी ती स्वतःची कात्री घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी तिची बहीण, म्हणजे माझी मेहुणीही आली. मग दोघींनी दोन महिन्यांत अख्खं विमान असं काही शिवून काढलं की उस्ताद टोपी काढून बघत राहिले. त्यावर कापड घट्ट करणाऱ्या रोगणाचे हातही देऊन झाले. शेपटीच्या पोटाखालची दोन हातांची फट तेवढी उरली होती, माझ्या येण्याजाण्यासाठी.

आणि त्या दिवशी ती फट बंद करणं भागच होतं. कारण आजोबा येणार होते.

हे आजोबा कुणाचे आजोबा नव्हेत, म्हणजे त्यांच्या नातीचे आहेतच, पण आम्ही सगळेच त्यांना आजोबा म्हणत होतो. वय त्र्याण्णव. विमानाच्या नंबरावरून जुनी कागदपत्रं चाळताना त्यांचा पत्ता लागला. एकोणिसाव्या वर्षी ते आयुष्यात पहिल्यांदा एकटे उडाले ते याच विमानातून. त्यांनी वृद्धाश्रमातून कापऱ्या हाताने आम्हाला पत्र लिहिलं होतं. उडणं आता त्यांच्या नशिबात नाही आणि विमानाच्याही, हे त्यांना माहीत होतं. फक्त एकदा त्यात बसायचं, इंजिन सुरू करायचं आणि धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवरून चालवत न्यायचं, एवढंच मागणं. पुढच्या आठवड्यात नात त्यांना कायमची आपल्या घरी नेणार होती, दूरदेशी. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. वृद्धाश्रमाची गाडी तीनला त्यांना सोडणार आणि चारच्या ठोक्याला परत नेणार होती.

साडेबारा वाजता सहज फळ्याकडे नजर गेली. दहा नंबरच्या पान्याची आकृती रिकामी! सकाळी शेपटीत एक पट्टी आवळली होती मी. पाना तिथेच राहिला होता.

उस्ताद पेट्रोल आणायला गेले होते. बायको आणि मेहुणी चहा पीत होत्या. आता सरळ सांगून आत शिरलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण दोन महिन्यांत माझा हा तिसरा पाना! मी बायकोला म्हटलं, जरा दुकानातून स्क्रू घेऊन येतो. दारातून बाहेर पडलो, शेडला वळसा घातला, मागच्या दाराने आत आलो आणि गुपचूप पोटाखालच्या फटीतून शेपटीत शिरलो.

पाना मिळाला. तो खिशात टाकतोय तोच उस्तादांचा आवाज आला.

"दहाचा पाना कुठाय?"

मी नळ्यांना पालीसारखा चिकटलो. उस्तादांनी जाहीर केलं की हा उद्योग ज्याने केला असेल तो उद्यापासून फाटकावर तिकिटं फाडेल, विमानाला हात लावणार नाही. मी ठरवलं, हे जरा इकडेतिकडे झाले की बाहेर पडू. ते पाना शोधायला बाहेर गेलेही. पण तेवढ्यात, कामबंदी हत्यारांना, सुयांना नाही, असं म्हणत दोघी बहिणी स्टुलं ओढून फटीखाली येऊन बसल्या आणि त्यांनी सुया ओवल्या.

इथेही मी खाकरलो असतो तर चाललं असतं. खाकरणारच होतो. पण मेहुणीने विचारलं, "भाऊजी कुठे दिसत नाहीत ते?" आणि बायको म्हणाली, "दुकानात गेलेत. म्हणजे तिथे कुणाला तरी विमान समजावून सांगत बसले असतील." मग दोघी हसल्या आणि विषय माझ्यावर आला.

आता तुम्हीच सांगा, आपल्या माघारी आपल्याबद्दल काय बोलतात हे ऐकायची अशी बसल्या जागी संधी कुणी सोडेल का? मी कान टवकारले. सुरुवातीला माझं घोरणं झालं, ओला टॉवेल झाला, भाजी आणायला पाठवलं की पिशवी विसरून येणं झालं. इकडे फट हाताहाताने कमी होत होती. मला दिसत होतं. पण मी म्हटलं, एवढं वाईट ऐकलंय तर काहीतरी बरं ऐकूनच निघू.

आणि ते आलं. बायको जरा थांबून म्हणाली, "निवृत्त झाल्यावर वर्षभर नुसते खिडकीत बसायचे गं. जेवलात का विचारलं तर हो म्हणायचे, आणि ताट तसंच. मला फार भीती वाटायची. हे विमान आलं आणि एक दिवस न्हाणीघरातून शिट्टी ऐकू आली. बेसूर. मी गॅस बंद करून ऐकत उभी राहिले."

मला भरून आलं. खरंच सांगतो, ढसाढसा रडावंसं वाटलं. तेहतीस वर्षांच्या संसारात तिने असं काही मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी अंधारात डोळे पुसले, नाक पुसलं, आणि पुन्हा पाहतो तर अंधार जास्तच झालेला. बायकोने शेवटची गाठ मारली, दात लावून दोरा तोडला आणि दोघी उठून गेल्या.

आता ओरडावं तर पान्याची चोरी उघडी पडणार, शिवाय मी सगळं ऐकलं हेही कळणार. पुढच्या बाजूने निघावं तर मागच्या खुर्चीमागे उस्तादांनी सकाळीच बत्तीस स्क्रू लावून फळी बसवलेली. काय करावं या विचारात असतानाच बाहेर गाडी थांबली. आजोबा आले होते, सोबत त्यांची नातही.

इंजिन सुरू करण्याआधी विमानाचं वजन करायचं, हा उस्तादांचा नियम. दोन चाकांखाली दोन काटे, शेपटीखाली तिसरा, आणि तिन्हींची बेरीज. सकाळी एकदा केलंच होतं, पण हरवलेला पाना आत राहिला असेल तर कळावं म्हणून पोटाखालचं कापड शिवल्यावर पुन्हा केलं. मग शेडमध्ये फक्त कागदाची सळसळ. उस्तादांनी बेरीज दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा केली. स्वतः एकेका काट्यावर उभे राहून काटे बरोबर आहेत याची खात्री केली. मग त्यांनी मेहुणीला विचारलं की ताई, दोरा किती वापरलात? मेहुणी म्हणाली, दीड रीळ, आणि संशय असेल तर मोजून घ्या.

"का, किती जास्त भरतंय?" बायकोने विचारलं.

"अठ्ठावन्न किलो."

मग तिच्या चपला सावकाश माझ्या दिशेने येताना ऐकू आल्या. कापडाच्या अगदी जवळ येऊन ती हळूच म्हणाली,

"अहो?"

आता यावर माणूस काय बोलणार? मी म्हटलं, "हं."

पुढची पाच मिनिटं काय गदारोळ झाला ते मी फक्त ऐकलं. मेहुणी कात्री घेऊन धावली. उस्ताद मध्ये पडले. कापड कापलं तर पंख्याच्या वाऱ्याने फाटत सगळं पोट उघडं पडेल, पुन्हा शिवायला दोन तास लागतील, आणि खुर्चीमागच्या फळीचे बत्तीस स्क्रू काढून परत लावण्यातच चार वाजतील, असं ते म्हणत होते. तेव्हा सव्वातीन वाजले होते. शेपटीच्या बाजूला तपासणीसाठी तळहाताएवढं गोल भोक असतं, त्यातून मी बाहेर पाहिलं. आजोबा चाकांच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी आपली जुनी चामडी टोपी घातली होती. ती आता त्यांना मोठी होत होती, पण पट्टा त्यांनी घट्ट आवळला होता. ते नुसते विमानाकडे बघत होते.

मी भोकाला तोंड लावून म्हणालो, "मी राहतो आत. जाऊ द्या त्यांना."

हा थोर त्याग मी केला खरा, पण नंतर कळलं की माझ्या आधीच बायकोने मेहुणीच्या हातातली कात्री काढून घेतली होती.

उस्ताद मात्र अडून बसले. आत हत्यार असताना इंजिन सुरू होणार नाही म्हणजे नाही. मी भोकातून पाना बाहेर दिला. त्यांनी तो पुसला, नेऊन आपल्या आकृतीवर टांगला आणि म्हणाले, "आता आत एकही हत्यार नाही. चला." माणसाबद्दल त्यांचा कुठलाच नियम नव्हता.

आजोबांना चौघांनी उचलून पुढच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी पाय पायट्यांवर ठेवले आणि लगेच म्हणाले की डावा पाय दाबला जात नाही, तार अडलीय. उस्तादांचा चेहरा पडला असणार. ते धावत भोकाशी आले आणि ओरडले, "गुडघा काढा!" मी गुडघा काढला. डावा पाय दाबला गेला. मग उजवा अडला, तर मी कोपर काढलं. मग आजोबांनी दांडा मागे ओढला आणि माझ्या पाठीखालून एक तार सरकत गेली, तेव्हा मी जो आकार घेतला तो एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी घेतला नव्हता.

"मागे कोण आहे?" आजोबांनी विचारलं.

उस्ताद ओशाळून म्हणाले, "आमचा एक माणूस आहे, साहेब. चुकून शिवला गेलाय."

आजोबा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "शिकताना मागच्या खुर्चीत मास्तर असायचे. एकटा गेलो त्या दिवशी मी दहा वेळा मागे वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. इतका घाबरलो होतो, कुणाला सांगितलं नाही आजवर. बरं झालं, या वेळी मागे कुणीतरी आहे."

इंजिन सुरू झालं. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. सगळ्या नळ्या थरथरत होत्या, माझे दात वाजत होते, कुठल्याशा सांदीत राहिलेली पिसं उडून माझ्या नाकात गेली आणि मी शिंकत सुटलो. भोकातून गवत पळताना दिसत होतं. त्या गवतावरून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने चष्मा सांभाळत, माझी बायको विमानाबरोबर धावत होती! आणि इंजिनाच्या त्या आवाजातही पुढून आजोबांची आरोळी ऐकू येत होती, एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोरासारखी. मीही आतून ओरडलो. का ते विचारू नका. इतका आनंद मला मीटर वाचताना कधीच झाला नव्हता.

टोक आलं. ठरल्याप्रमाणे तिथे थांबायचं होतं. आजोबांनी विमान वळवलं आणि कुणालाही न विचारता पुन्हा पहिल्या टोकाकडे सोडलं. उस्ताद झेंडा हलवत मागून धावत होते. आजोबा आणखी एकदा वळले.

चारला दहा कमी असताना इंजिन बंद झालं. आजोबांना खाली उतरवलं, तेव्हा त्यांनी खुर्ची आधी शेपटीकडे न्यायला लावली. भोकातून दोन बोटं आत आली. मी ती धरली.

"घाबरला नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मीसुद्धा नाही," ते म्हणाले. नात त्यांच्या मागे उभी राहून डोळे पुसत होती.

गाडी गेल्यावर बायकोने शिवण उसवायला घेतली. मुद्दाम सावकाश, एकेक टाका. फट चेहऱ्याएवढी झाली तेव्हा तिने आत डोकावून विचारलं, "म्हणजे सगळं ऐकलंत तर."

"छे, काहीच ऐकू येत नव्हतं," मी म्हटलं.

"मग रडलात कशाला? तोंडावरच्या धुळीत ओघळ दिसताहेत," ती म्हणाली, आणि पदराने माझं तोंड पुसून मला बाहेर ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोहोचलो. विमान जागचं हललं की त्याची नोंद वहीत होते, आणि ती वही संग्रहालयात कायमची राहते. वैमानिकाच्या रकान्यात आजोबांची कापरी सही होती. मोठ्या उमेदीने मी प्रवाशाच्या रकान्यात पाहिलं. तिथे आडवी रेघ. माझा उल्लेख खाली होता, बिघाडांच्या यादीत, उस्तादांच्या रेखीव अक्षरात. बिघाड: शेपटीत परकी वस्तू. उपाय: शिवण उसवून बाहेर काढली. त्यापुढे शेवटचा रकाना असतो, बिघाड पुन्हा उद्भवण्याची शक्यता. तो दुरुस्ती करणाऱ्याने स्वतः भरून सही करायची असते. दुरुस्ती बायकोने केली होती, म्हणून तो तिनेच भरला होता. तिने लिहिलं होतं, "दाट."