बाहेरचा माणूस

समजा, तुम्ही न्हाणीघरात उभे आहात. हातात पाना आहे, समोर ठिबकणारा नळ आहे, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या आहेत. काम छोटं, तुमच्या डाव्या हातचा मळ. आणि पाठीमागे दाराला बाहेरून कडी लागते. खट्. केली कल्पना? आता आणखी एक कल्पना करा, की घरात तुमच्याशिवाय एकच माणूस आहे, त्यानेच ती कडी लावली आहे, आणि त्याला अजून तीन वर्षं पूर्ण व्हायची आहेत.

आजोबांना यातली कुठलीच कल्पना करावी लागली नाही.

आजोबांचा सगळा जन्म एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून गेला होता. कुणाचं बोट कुठे अडकेल, कुणाचा पाय कशावरून घसरेल, हे आधीच ओळखून काढणं हेच त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर बोटं आणि पाय संपले, पण ओळखायची सवय संपेना. म्हणून मग त्यांनी नातीला हाताशी धरलं. नातीच्या हनुवटीवर एक तीळ होता, त्यामुळे घरात तिला सगळे ठिपकी म्हणत.

ठिपकी आजोबांकडून बरंच काही शिकली होती. चप्पल उलटी झाली की सुलटी करायची, पेला दोन्ही हातांनी धरायचा, चड्डी ओली झाली की स्वतः काढून कोरडी घालायची. यातलं शेवटचं अजून जमलेलं नव्हतं. दोन्ही पाय एकाच भोकात जायचे आणि मग ती बेडकासारखी उड्या मारत मदत मागायला यायची. आजोबा म्हणायचे, सराव हवा. सूनबाई म्हणायची, "बाबा, ती कामगार नाहीये तुमच्या कारखान्यातली."

सूनबाईचा आजोबांवर राग नव्हता, पण पुरता भरवसाही नव्हता. शिकवता शिकवता सासरेबुवा वाहवत जातात, हे तिने पाहिलं होतं. आजी महिनाभरासाठी लेकीकडे गेल्यापासून दिवसभर घरात ही दोघंच असायची, आणि तेव्हा सूनबाईने एकच अट घातली होती. ती घरी नसताना गॅस पेटवायचा नाही. पेटवल्याचं कळलं, तर त्या दिवसापासून ठिपकी पाळणाघरात. आजोबांनी अट लगेच मान्य केली होती. सुरक्षा अधिकाऱ्याला ही अट घालावी लागावी, याचं थोडं वाईटही वाटून घेतलं होतं.

आज दुपारी ठिपकीने अंडं मागितलं. उकडलेलं, पिवळ्या चेंडूवालं. आजोबांनी बिस्किट दाखवलं, केळं दाखवलं. ठिपकीचा खालचा ओठ पुढे आला. अंडी उकडायला असा वेळ तो किती लागतो, असं म्हणत आजोबांनी लांब दांड्याच्या लहानशा पातेल्यात पाणी घेतलं, अंडी ठेवली आणि गॅस पेटवला. आणि अंडी उकडेपर्यंत रिकामं बसवेना, म्हणून न्हाणीघरातला ठिबकणारा नळ दुरुस्त करायला घेतला.

इथे कारखान्यातली एक गोष्ट सांगायला हवी. मोठ्या टाकीत साफसफाईला माणूस उतरला, की टाकीच्या तोंडाशी दुसरा एक माणूस उभा करतात. त्याला म्हणायचं बाहेरचा माणूस. त्याचे नियम कडक असतात. आतला वर येईपर्यंत जागा सोडायची नाही. आतला ओरडला, तरी आत धाव घ्यायची नाही, कारण मग एकाऐवजी दोघं अडकतात. आधी त्याच्याशी बोलायचं, त्याला शांत करायचं, काय होतंय ते विचारायचं. आजोबांनी हा खेळ ठिपकीला शिकवला होता. आजोबा कपाटामागे झाडू घेऊन शिरायचे आणि ठिपकी बाहेर पोट पुढे काढून उभी राहायची. तिचा तो सगळ्यांत आवडता खेळ होता.

"ठिपके, मी नळाचं काम करतो. तू कोण?"

"बाहेरचा माणूस."

"शाबास."

पण घरात आणखीही एक नियम होता. बादलीत पाणी असतं, म्हणून न्हाणीघराचं दार कधी उघडं ठेवायचं नाही. त्यासाठी आजोबांनी स्वतः दाराला बाहेरून खालच्या बाजूला, ठिपकीचा हात पोचेल अशी सरकती कडी बसवली होती. आत जाताना काढायची, बाहेर आलं की लावायची. ठिपकीने पाहिलं, की आजोबा आत आहेत, आपण बाहेर आहोत आणि दार उघडं आहे. तिने दार ओढून घेतलं आणि कडी लावली. खट्.

आजोबांना पहिल्यांदा अभिमानच वाटला. नियम म्हणजे नियम. न सांगता लावली पोरीने. ते स्वतःशी हसले, त्यांनी नळाचं डोकं पान्यात धरलं, आणि तेवढ्यात त्यांना अंडी आठवली.

हातातला पाना तसाच राहिला. पातेलं लहान होतं. पाणी तर आणखी कमी. घाईघाईत त्यांनी ज्योत मोठी ठेवली होती. आणि फोन होता स्वयंपाकघरात, फळीवर.

"ठिपके," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "कडी काढ बरं."

"काम झालं?"

"झालं."

 बाहेरून आवाज आला, "टपटप वाजतंय."

नळ खरंच ठिबकत होता. अर्धवट काम झालं म्हणून सांगायचं नाही, हेही आजोबांनीच शिकवलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दांडीवरचा पंचा ओढला आणि नळाच्या तोंडाला गुंडाळला. आवाज बंद झाला. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाला अशी दुरुस्ती करू दिली नसती.

"आता झालं. काढ."

बाहेर कडीशी खुडबुड सुरू झाली. नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून पातेल्याची खडखड ऐकू आली. पाणी संपत आलं, की अंडी तळाशी अशी नाचायला लागतात. आजोबांचा धीर सुटला. त्यांनी दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि दार जिवाच्या आकांताने आत ओढलं.

"काढ लवकर. अगं काढ ना."

"निघत नाही," ठिपकी म्हणाली.

निघणार कशी? दार आतून ओढलेलं असलं, की कडी खोबणीत घट्ट दाबली जाते. ही गोष्ट आजोबांनी कितीतरी कामगारांना फळ्यावर चित्र काढून समजावली होती. या क्षणी त्यांना तो फळाही आठवत नव्हता. ते दार ओढत होते आणि ओरडत होते, की जोर लाव, वर उचल, सरकव. जितकं ते ओरडत होते तितकंच जोराने ओढत होते.

बाहेरची खुडबुड थांबली.

"तू ओरडतोस," ठिपकी म्हणाली.

"नाही ओरडत. काढ."

"ओरडतोस. आधी शांत हो. काय वाटतंय ते सांग."

हीसुद्धा आजोबांचीच शिकवण. ठिपकी हातपाय आपटायला लागली, की ते तिच्यासमोर बसून विचारायचे, की राग आलाय, रडू येतंय, की भीती वाटतेय. आत काय चाललंय ते आधी ओळखायचं, तोंडाने सांगायचं, मग मदत मिळते. मोठ्या चिकाटीने त्यांनी तिला ही सवय लावली होती. ती आपल्यावर उलटेल, हा धोका त्यांच्या नजरेतून निसटला होता.

"मला काही वाटत नाहीये, बाळा. तू फक्त कडी काढ."

"काहीतरी वाटतंच. तूच म्हणतोस."

"बरं, आनंद वाटतोय. आनंद. आता काढ."

 आनंदात असलेला माणूस असा दार हलवत नाही, एवढं ठिपकीलाही कळत होतं.

मग बाहेर काहीच ऐकू येईना. आजोबांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. पोर दारापासून हलली असेल का? हलली, तर कुठे गेली असेल? आणि मग आजोबांच्या डोक्यात ते सुरू झालं, ज्यासाठी कारखान्याने त्यांना इतकी वर्षं पगार दिला होता. बैठकीतला स्टूल, तो तिला ढकलता येतो. ढकलत नेला तर ओट्यापर्यंत जातो. स्टुलावर चढली तर पातेल्याचा दांडा हाताला लागतो. दांडा बाहेरच्या बाजूला वळलेला होता की आतल्या? आठवेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पातेल्यांचे दांडे आत वळवले, आणि आपला कुठे होता ते आठवेना. ओट्यावर सुरी होती. खिडकीला पडदा होता, आणि पडदा गॅसपासून फार लांब नव्हता. घर सगळं रोजचंच होतं, पण बंद दाराआडून ते एखाद्या सापळ्यासारखं दिसायला लागलं.

त्यांच्या पाठीवरून घाम निथळला.  स्वतःच्या हृदयाचे ठोके इतके मोठे वाजत होते, की बाहेरची चाहूल लागली असती तरी ऐकू आली नसती. त्यांनी खिडकीतून हाक मारून पाहिली. ती वरची छोटी खिडकी मागच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत होती. भिंतीने ऐकून घेतलं.

आणि स्वयंपाकघरात फाट्कन आवाज झाला. पाठोपाठ दुसरा.

 ही अंडी आहेत, पाणी संपल्यावर ती फुटतात, त्यांच्या अनुभवाने त्यांना सांगितलं. पण अनुभवाला तेव्हा कुणी विचारत नव्हतं. "ठिपके," त्यांनी पुन्हा हाक मारली. बाहेर पूर्ण शांतता होती. लहान मूल पडलं तर रडतं, भाजलं तर किंचाळतं. न रडणाऱ्या, न किंचाळणाऱ्या मुलाचं काय झालेलं असतं, ते त्यांनी मनात येऊ दिलं नाही. तरी ते आलंच.

 त्यांनी दाराची मूठ सोडली. ते दुसरी, रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि दाराला कपाळ टेकून, अगदी बारीक आवाजात, कुणाला ऐकवण्यासाठी म्हणून नव्हे, म्हणाले, "मला भीती वाटतेय गं. खूप भीती वाटतेय."

दाराखालच्या फटीतून बोटं आत आली. इवलीशी, बिस्किटाचा चुरा लागलेली बोटं.

"मला पण," ठिपकी म्हणाली.

ती तिथेच होती. सगळा वेळ दाराला चिकटून. फुटणाऱ्या अंड्यांनी तिचीही बोबडी वळली होती, पण बाहेरच्या माणसाने जागा सोडायची नसते. आजोबांनी ती बोटं आपल्या बोटांत धरली. मग बोटं मागे गेली. मूठ आता कुणी ओढत नव्हतं, त्यामुळे कडी लोण्यासारखी सरकली.

आजोबा तिला काखोटीला मारून स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद केला. पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. अंड्याचा पिवळा भाग छताला चिकटला होता आणि पांढरा भाग खिडकीच्या काचेवरून सावकाश खाली येत होता. पडदा शाबूत होता. दांडा आतल्या बाजूला वळलेला होता. आजोबा तिथेच फरशीवर मांडी घालून बसले, आणि त्यांनी ठिपकीला मांडीवर घेऊन घट्ट धरलं. हात, पाय, डोकं, सगळं पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. त्यांना इतकं हलकं वाटलं, की मांडीवरचा ऊबदारपणा आधी त्यांच्या ध्यानातच आला नाही.

"आजोबा," ठिपकी शांतपणे म्हणाली, "शू झाली."

"अगं, मग आधी सांगायचं नाही का?"

"बाथरूममध्ये तू होतास."

 म्हणजे सगळा वेळ ही पोर पाय आवळून पहाऱ्यावर होती. म्हणून तर बोलत नव्हती. 

ठिपकी मांडीवरून उतरली. ओली चड्डी तिने काढली आणि न्हाणीघरात नेऊन टाकली. आतल्या खोलीतून कोरडी आणली आणि भिंतीला टेकून, जीभ बाहेर काढून, एक पाय एका भोकात आणि दुसरा दुसऱ्या भोकात घातला. कुणीही मदत न करता, पहिल्यांदाच. आजोबा फरशीवर बसून भरल्या डोळ्यांनी बघत राहिले. हे बघायला सूनबाई हवी होती, असं त्यांच्या मनात आलं, आणि दारात किल्ली फिरली.

त्या दिवशी सूनबाईचं ऑफिस लवकर सुटलं होतं. ती सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. समोर तिची लेक होती, कोरडी, नीटनेटकी, केससुद्धा जागच्या जागी. फरशीवर सासरेबुवा होते, घामाने डबडबलेले, डोळे ओले आणि पायजमा त्याहून ओला.

"बाबा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे काय झालं?"

आजोबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी ठिपकी पुढे झाली.

"आजोबा घाबरला होता," तिने आईला समजावलं. "खूप घाबरला होता. तू ओरडू नकोस."

सूनबाईने पायजम्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य गेलं आणि तिथे काळजी आली. आता खरं सांगायचं, तर कडी, नळ, गॅस सगळंच सांगावं लागणार होतं. आणि शू कुणाची होती तेही, ठिपकीच्यादेखत. आजोबांनी नातीकडे पाहिलं. इतक्या ऐटीत, स्वतः घातलेल्या चड्डीत ती उभी होती.

"हो," ते म्हणाले. "जरा घाबरलोच होतो."

"होतं असं, बाबा," सूनबाई म्हणाली. "उद्या डॉक्टरांना दाखवून येऊ." आणि त्यांना उठायला हात द्यायला ती खाली वाकली. अजून तिने ना ओट्यावरच्या पातेल्याकडे पाहिलं होतं, ना वर छताकडे.

पण ठिपकीने पाहिलं. ती मान मागे टाकून छताकडे बघत राहिली. मग ती बैठकीत गेली, स्टूल ढकलत ढकलत आणला, आईच्या अगदी जवळ ठेवला, आणि बोट वर करून म्हणाली, "आई, मला ते अंडं काढून दे."