रॉसचा किल्ट आणि दिघ्यांची टिपणी

रॉसच्या घागऱ्याविषयी एकदा खात्री करून घ्यावी, एवढंच जगन्नाथ दिघ्यांनी ठरवलं होतं. (घागरा नव्हे, किल्ट, पण हे त्यांना लायब्ररीत गेल्यावर कळलं.)

शरयूबाई गेल्या, तेव्हा मुलगा गिरीश दिघ्यांना साताऱ्याहून इंग्लंडात, श्रूजबरीला घेऊन आला. साल १९८६. गिरीश आणि सून कांचन सकाळी आठला आपापल्या गाड्या काढून निघत. मग दिवसभर घरात दिघे आणि फ्रिज. दोघांपैकी फ्रिज जास्त बोले. शेजारचा स्कॉटिश म्हातारा रॉसही विधुर. दर रविवारी लाल-हिरव्या चौकड्यांचा किल्ट नेसून तो बायकोच्या थडग्यावर फुलं ठेवायला जाई. दिघे सोबत चालत. आठवड्यात माणसात येणं काय ते तेवढंच.

"हा चौकडा आमच्या कुळाचा," रॉस म्हणाला होता. "हजार वर्षांचा."

जिल्हा परिषदेच्या रेकॉर्ड शाखेत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हजार वर्षं पुराव्याशिवाय गिळवत नाहीत. दिघ्यांनी लायब्ररीत तीन पुस्तकं चाळली आणि जुन्या सवयीने टिपणी तयार केली. एक: आखूड किल्ट अठराव्या शतकातला, त्याआधी लांबलचक कापड अंगाभोवती गुंडाळत. दोन: त्या काळी रंग ज्याला जो मिळेल, आवडेल तो. तीन: अमक्या कुळाचा अमका चौकडा, हे बहुतांशी एकोणिसाव्या शतकात विणकरांनी आणि दुकानदारांनी ठरवलं. चार: हजार वर्षांस आधार आढळत नाही. खाली सही, तारीख.

"आणि हे त्यांना दिलंत?" कांचनने विचारलं.

"प्रत दिली. मूळ माझ्याकडे आहे."

"बाबा, तो किल्ट त्यांच्या बायकोने, हेलनने आणलेला, एडिंबरोहून."

"असेल. पण वस्तुस्थिती..."

"आईंच्या पैठणीची जर खोटी आहे, हेही तुम्ही दुकानात जाऊन सिद्ध केलंत. पुन्हा कधी नेसल्या त्या?"

दिघ्यांनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

रविवारी रॉस पॅन्ट घालून बाहेर आला.

दिघे सोबत चालू लागले. या देशात बोलायला एक माणूस होता; त्याचंही प्रकरण आपण निकाली काढलं. रस्ताभर ते माफीची वाक्यं जुळवत होते. थडग्यापाशी पोचल्यावर त्यातलं एकच बाहेर पडलं.

"रॉस, मी टिपणी मागे घेतो."

रॉसने खिशातून घडी केलेला कागद काढला. "मोठ्याने वाचा. तिला ऐकू दे."

"कशाला?"

"हेलन शाळेत इतिहास शिकवायची. किल्ट तिनेच घेतला, आणि मी तो नेसायला लागलो की दारात उभी राहून हेच सगळं ऐकवायची. हजार वर्षं म्हटलं की फार चिडायची. म्हणून मी म्हणायचो." त्याने फुलं दगडापाशी ठेवली. "पाच वर्षं म्हणतोय. कोणी चिडतच नाही."

दिघ्यांनी वाचलं. तिसऱ्या मुद्द्याला रॉसने टोपी डोळ्यांवर ओढली. चौथा दिघ्यांनाच धड वाचता येईना. शरयूबाईंच्या अस्थी त्यांनी कृष्णेत सोडल्या होत्या; पैठणीचं बोलायला जगात कुठे असा एक दगडही नव्हता.

कागद परत देत त्यांनी विचारलं, "मग आज पॅन्ट का?"

"किल्टवर सूप सांडलं. धुवायला टाकलाय."

परतीच्या वाटेवर रॉसने टिपणी जपून खिशात ठेवली.

"चांगली झाली आहे," तो म्हणाला. "हेलन मात्र हेच दोन वाक्यांत सांगायची."