ठवरेभाऊंचा रेसिडन्स

आमच्या ग्रुपची टेनेसीतल्या धबधब्याची सहल निघाली, तेव्हा ठवरेभाऊ जॉर्जियातल्या शेवटच्या गॅस स्टेशनवर उतरले. हातात थालीपिठांचा डबा, काखेत घडीची खुर्ची.

"तुम्ही या जाऊन," ते म्हणाले. "मी इथंच बसतो."

थोडं पुढे टेनेसीत स्वागत करणारी पाटी होती. ती त्यांना ओलांडायची नव्हती. संध्याकाळी परत आलो, तर खुर्ची सावलीमागे सरकत सरकत हवा भरायच्या पंपापाशी पोचली होती आणि भाऊ गॅस स्टेशनच्या मालकाला थालीपीठ लोण्याबरोबर कसं खायचं ते शिकवत होते.

हसणाऱ्यांत मी पहिला होतो. पुढच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला मी हा किस्सा खुर्ची घेऊन, नक्कल करून सांगितला. आज त्याची लाज वाटते.

मोरेश्वर ठवरे मूळचे नागपूरचे. अमेरिकेतली बरीच वर्षं शिकागोजवळच्या नेपरव्हिलला गेली. घटस्फोट झाला तरी ते त्याच गावात राहिले, कारण मुलगी तन्वी आईकडे होती. मग तन्वीनं ठरवलं की इंजिनिअरिंग करायचं तर जॉर्जियातल्या सरकारी युनिव्हर्सिटीतच. बाहेरच्या राज्यातल्या मुलांची फी भाऊंच्या एका पगारात पेलणारी नव्हती. पण कॉलेज सुरू होण्याआधी वडिलांनी सलग वर्षभर जॉर्जियात बिऱ्हाड केलेलं असेल, तेही कायम राहण्याच्या इराद्यानं, तर मुलीला इथल्या मुलांची फी लागते. बाकीच्या अटी जमत होत्या. भाऊंनी कंपनीत बदली मागून घेतली आणि अल्फारेटाला, आमच्या समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये, वन-बेडरूम भाड्यानं घेतलं. तन्वी शाळेचं शेवटचं वर्ष आईकडेच काढणार होती.

त्या जागेला भाऊ कधी घर म्हणाले नाहीत. "चला, रेसिडन्सवर जातो," म्हणायचे. कुणी जेवायला बोलावलं तर, "आधी रेसिडन्सवर कुकर लावून आलोय, भाऊ."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी इथलं लायसन्स काढलं, लायब्ररीचं कार्ड काढलं, गाडीला जॉर्जियाची, पीचचं चित्र असलेली नंबर प्लेट लावली. महिन्याभरात "आमच्या जॉर्जियात" सुरू झालं. वीस वर्षं इथं राहिलेल्या माणसाला ते इथली लाल माती कशी असते ते सांगत. कुणी शिकागोच्या बर्फाचं कौतुक केलं की म्हणत, "तुमचं बरोबर आहे, पण आम्हाला सवय नाही हो त्याची."

एका रविवारी त्यांनी वास्तुशांतीचं आमंत्रण दिलं.

"भाड्याच्या जागेची वास्तुशांत?" माझी बायको मेघा म्हणाली.

"वहिनी, युनिव्हर्सिटी म्हणते कायम राहायचा इरादा पाहिजे. याच्यापेक्षा पक्का इरादा कोणता असते, सांगा?"

होमात तूप पडलं, धूर झाला आणि छताचा अलार्म किंचाळायला लागला. गुरुजी मंत्र म्हणत म्हणतच स्टुलावर चढले आणि उपरण्यानं अलार्मला वारा घालू लागले. कॉम्प्लेक्सच्या ऑफिसातली मुलगी धावत आली. तिनं आत सोवळं नेसलेला माणूस पाहिला, विटांवरचा अग्नी पाहिला आणि ती दारातच थबकली.

"मॅडम," भाऊ हात जोडून म्हणाले, "आय ॲम शिफ्टिंग हिअर पर्मनंटली. यू आर विटनेस."

तिनं नियमभंगाची समज दिली आणि शिऱ्याचे दोन द्रोण संपवून गेली. पुढे भाऊ तिचा उल्लेख 'आमची साक्षीदार' असाच करत.

थट्टा करणं सोपं होतं, कारण 'सलग' या शब्दाचा भाऊंनी घेतलेला अर्थ आमच्यापैकी कुणालाच झेपत नव्हता. एक रात्र काय, एक दुपारही राज्याबाहेर नाही. तन्वीच भेटायला येईल म्हणावं, तर तिला सुट्टीतलं काम आणि परीक्षा. वर्षभर बाप-लेकीची भेट फोनवरच.

मे महिन्यात भाऊ मला गाडीतून किराण्याला नेत होते. तन्वीचा फोन गाडीच्या स्पीकरवर आला.

"बाबा, ग्रॅज्युएशनला आर यू कमिंग ऑर नॉट?"

"बेटा, ऑगस्टपर्यंत जरा..."

"इट्स फाइन. आय न्यू इट."

फोन बंद झाला. भाऊंचं वळण चुकलं. मी म्हणालो, "अहो, दोन दिवसांनी काही होत नाही. नियमातच लिहिलंय, तात्पुरतं बाहेर गेलं तर चालतं."

"वाचलं मी."

"मग काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. ते हसले नाहीत.

"तन्वी वर्षाची होती तेव्हा व्हिसाच्या स्टँपिंगसाठी इंडियात गेलो होतो. सगळे म्हणाले, दोन आठवड्यांत येशील. पासपोर्ट वकिलातीत अडकला. पोरगी चालायला लागली ते मी नागपुरात लॅपटॉपवर पाह्यलं, तेही चित्र अडकत अडकत. तेव्हापासून कुणी 'चालतं' म्हटलं की मला खरं वाटत नाही, भाऊ. आता ग्रीन कार्ड आहे. पण पाटी दिसली की पाय उचलत नाही."

माझ्या मुलाची शाळा घरापासून दहा मिनिटांवर आहे. त्याच्या बँडचे निम्मे कार्यक्रम मी मीटिंग आहे म्हणून चुकवलेत. हे मी भाऊंना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "तुम्ही जा. तुमच्या जागेकडे मी बघतो."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "रोज संध्याकाळी दिवा लावाल? जागा बंद नको दिसायला."

"लावीन."

विमानतळावर मीच सोडलं. आत जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी मी किल्लीनं त्यांचं दार उघडलं. एरवी आम्ही हॉलमध्येच बसायचो, बेडरूमचं दार लोटलेलं असायचं. देव्हारा आत होता, म्हणून ते उघडलं. पलंगावर जांभळी चादर, घड्याही न मोडलेली. खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल, लॅम्प, वेष्टनातली खुर्ची. कपाटात ओळीनं रिकामे हँगर. भाऊंचे शर्ट हॉलमधल्या कोनाड्यात, व्हॅक्यूम क्लीनरच्या शेजारी लटकत होते. त्यांची गादी सोफ्यामागे गुंडाळून ठेवली होती. इतके महिने ते हॉलमध्ये झोपत होते आणि तन्वी तर हॉस्टेलवर राहणार होती.

मी दिवा लावला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिथंच असताना त्यांचा फोन आला. मागे बँड, टाळ्या, आरडाओरडा.

"लावला दिवा?"

"आत्ताच. कसं झालं?"

"मला पाहून रडली हो. मग भांडली, आधी सांगितलं काऊन नाही म्हणून."

तेवढ्यात जवळून तन्वी म्हणाली, "बाबा, कम ऑन, फोटो! हू आर यू टॉकिंग टू?"

"एक मिनिट, बेटा," भाऊ म्हणाले. "घरी फोन लावलाय."