अंगण असलेली गिटार

शारजात जुलै महिन्यात एसी बंद करून बसणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. एकदोनदा नाही, चांगली नऊ-दहा वर्षं, दर शुक्रवारी सकाळी दहा ते साडेअकरा. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय, मशिदीकडे निघालेली माणसं सावलीसाठी भिंतीला घासून चाललीत, आणि आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मधुकर देवस्थळी नावाचे गृहस्थ एसी बंद, पंखा बंद, फ्रिजचीसुद्धा पिन काढून, बनियनवर घाम गाळत गिटार ऐकत बसलेत. वाजवत नाहीत हं. ऐकतायत. त्यापायी त्यांचं दूध दर शुक्रवारी आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला यायचं.

आम्ही त्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी दारावर टकटक. उघडलं तर चष्मा, गळ्यात टॉवेल, चेहरा अगदी गंभीर.

"नमस्कार. मी देवस्थळी, समोरचा. वहिनी, तुमचा कुकर किती शिट्ट्यांचा असतो?"

आता अशा प्रश्नाला बाईमाणसानं काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, "वरणाला तीन. का हो?"

"मग शुक्रवारी साडेअकरानंतर लावाल का? तुमची शिट्टी माझ्या गिटारीच्या बरोबर डोक्यावर येऊन बसते."

आमचे हे आतून ओरडले, "माझं जेवण आता ह्यांच्या गिटारीवर ठरणार का?" पण मला पहिल्यापासून खोड आहे, कोणी वेडं वागलं की ते का तसं वागतंय हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पुढच्या शुक्रवारी लबनमध्ये, म्हणजे इथल्या दाट ताकात, पाणी घालून पातळ ताक केलं, जग भरला, आणि ह्यांना नि आमच्या लेकीला, सईला घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

देवस्थळी जनरेटर दुरुस्तीतले. इंडस्ट्रियल एरियात एका भाड्यानं जनरेटर देणाऱ्या कंपनीत होते. बंद पडलेल्या मशीनला नुसता कान लावून सांगायचे, "मागचं बेअरिंग." कानात घालायला कंपनी बोंडं द्यायची ती देवस्थळींनी कधी घातली नाहीत. "मशीन बोलतं, वहिनी. ते ऐकायचं सोडून कान कसले बुजवता?" बायको सुनंदा आणि मुलगी अनघा पुण्यात, मुलीच्या शाळेसाठी. ते इथे एकटे, आणि सोबतीला भिंतभर कॅसेटी. त्यातली एक जरी ओळखीच्या भाषेतली असेल तर शपथ. सगळी इंग्रजी दणदण.

हॉलच्या मध्यभागी एकच खुर्ची. तिचे चार पाय कुठे यायला हवेत तिथे फरशीवर चार चिकटपट्ट्या. दोन्ही स्पीकर तिच्याकडे तोंड करून. आम्ही तिघंही पाळीपाळीनं त्या खुर्चीत बसलो, दाढ काढायला बसतात तसे.

"आता एक जुनी लावतो, माझ्या कॉलेजच्या वेळची. मग एक नवी, गेल्या वर्षीची. गाण्याकडे लक्ष देऊ नका. फक्त गिटार."

नावं सांगायचे ते, पण माझ्या काही डोक्यात राहायची नाहीत. मी कव्हरवरच्या चित्रावरून ओळखायची. जुनी होती ती 'बुडतं जहाज'. नवी म्हणजे 'जळकी खुर्ची'. जहाजात गिटार सुरू होण्याआधी एक बारीकसा आवाज यायचा, 'च्युईक' असा. देवस्थळी तिथे हात वर करायचे.

"ऐकलंत? त्या माणसानं बोट उचललं नाही, तारेवरून घसरवलं. माणूस आहे तिथे, वहिनी! हाडामांसाचा! आणि मागे खोली ऐकू येते का? भिंतीला लागून सूर परत येतोय? ह्या गिटारीला अंगण आहे."

हे 'अंगण' त्यांचं खास. चांगल्या आवाजाला अंगण असायचं. वाईट आवाजाचं एकच: "गुदमरली. खलास."

मग जळकी खुर्ची. बाप रे. नुसती भिंत अंगावर आल्यासारखी.

सई तेव्हा बारा वर्षांची. ती म्हणाली, "बट अंकल, धिस वन इज सो पॉवरफुल!"

"पॉवर आहे गं. श्वास कुठाय?" आणि मग समजावून सांगायला लागले. पूर्वी म्हणे गिटारीचा आवाज मोठा करायच्या पेटीत काचेचे दिवे तापायचे, त्यानं सुराला जरा खरखरीत ऊब यायची, आणि माइक चार हात लांब ठेवला की सुराबरोबर खोलीही रेकॉर्ड व्हायची. आता माइक पेटीच्या तोंडात, तीच गिटार चारदा वाजवून एकावर एक थापायची, आणि शेवटी हळू असेल ते आणि मोठं असेल ते सगळं दाबून एकाच उंचीवर आणायचं. "जनरेटर चोवीस तास फुल लोडवर चालवल्यासारखं. ऐकणाऱ्याचं बेअरिंग जाणार नाही तर काय!"

"वहिनी, तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी विचारलं, खरंच विचारलं. मला तोवर गाण्यातलं कोणी काही विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "मला आपलं असं वाटलं, जुनं म्हणजे पान वाढलेलं आहे. मीठ इथे, लिंबू इथे, चटणी तिकडे, मध्ये भात. नवं म्हणजे कोणीतरी ते सगळं कालवून ताटभर पसरलंय. चव आहे, पण कशाची ते कळत नाही."

देवस्थळी उठले, वही काढली, आणि लिहून घेतलं. तारखेसकट.

तेव्हापासून शुक्रवारचं आमचं ठरून गेलं. दर वेळी एक जुनी, एक नवी. ह्यांनी पहिल्या महिन्यातच हात जोडले, ते ओला टॉवेल डोक्यावर घेऊन सोफ्यावर घोरायचे. मला मात्र नाद लागला. कुठली गिटार उजव्या कोपऱ्यात आहे, कुठली तोंडावर, कुठे तार खरवडली, सगळं दिसायलाच लागलं म्हणा ना. देवस्थळी माणूस तसे न्यायी. नव्यातही काही चांगलं असलं तर सांगायचे. "ह्याचा ड्रम बघा, पोटात लागतो. जुन्यांना हे जमलं नव्हतं, मान्य करायला हवं."

पण वर्षं जात चालली तसे ते कडक होत गेले. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या, आणि नवी कुठलीही लावली की दोन मिनिटांत निकाल. "गुदमरली. वरचं काही नाहीच हिला. खलास." मला कधीकधी वाटायचं, अहो, आहे की वरचं, झांजा चांगल्या वाजतायत. पण म्हटलं, आपण कोण? आणि एक गोष्ट मला तेव्हा बरीच वाटली होती. मी विसरून साडेअकराच्या आत कुकर लावला तरी ते आताशा दार वाजवायला येत नसत. हे म्हणाले, "वय झालं, निवळला माणूस."

मग एकदा त्यांना खोर फक्कानच्या बंदरावर एक जनरेटर बघायचा होता, आणि आम्हाला समुद्र. त्यांच्याच गाडीतून निघालो. इथल्या गाड्या एकशेवीसच्या वर गेल्या की टिंगटिंग ओरडतात, तुम्हाला ठाऊक असेल. ढैदच्या सरळ रस्त्याला गाडी जी ओरडायला लागली ती थांबेचना, आणि देवस्थळी आपले शांतपणे सांगतायत, नव्या लोकांना शांततेची किंमत नाही म्हणून.

शेवटी हे म्हणाले, "अहो देवस्थळी, गाडी बोंबलतेय केव्हाची!"

त्यांनी काट्याकडे बघितलं. मग पाय काढला. "हो का? मी गप्पांत होतो," म्हणाले, आणि पुढे बंदर येईपर्यंत काट्यावरची नजर काढली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बुडत्या जहाजाची नवी सीडी निघाली. तीच जुनी गाणी, नव्या यंत्रावर साफसूफ करून. देवस्थळींनी ती लावली आणि 'च्युईक'च्या जागेवर सवयीनं हात वर केला. हात तसाच राहिला. परत मागे नेऊन लावली. तिसऱ्यांदा लावली.

"पुसला! वहिनी, बोट पुसून टाकलं त्यांनी! साफ करता करता माणूसच पुसला!"

मी खुर्चीतच होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे की हो. उलट जास्तच स्वच्छ येतोय."

ते उठले आणि जुनी कॅसेट लावली. "ह्यात आहे," म्हणाले. पण त्यांचा हात वर गेला तेव्हा च्युईक अजून यायचा होता. दोन सेकंदांनी आला. आणि मला एकदम लख्ख कळलं. हा माणूस जहाज कानानं ऐकतच नव्हता. पंचवीस वर्षांपूर्वी ऐकलेलं आठवत होता. जुन्या सगळ्या पाठ होत्या म्हणून त्यांना अंगण होतं. नव्या पाठ नव्हत्या, म्हणून त्या गुदमरलेल्या.

मी ताकाचा जग उचलला आणि म्हटलं, "कुकर लावायचाय."

पुढच्या शुक्रवारी आमच्या गॅलरीतून सहज बघितलं, तर त्यांच्या खिडकीतला एसी घरघरतोय आणि खाली पाणी ठिबकतंय. दहा वाजता! लोक शेजाऱ्याचा एसी बंद दिसला तर काळजी करतात, मी चालू दिसला म्हणून केली. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही चालू. दूधही आलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी दुपारी टकटक. चष्मा, गळ्यात टॉवेल. हातात एक सीडी, वर शाईनं नुसतं 'अनघा' लिहिलेलं.

"वहिनी, जरा येता? तुमच्या ह्यांनाही घेऊन या. झोपले तरी चालेल."

गेलो. खुर्ची चिकटपट्ट्यांवर होती. एसी त्यांनी आमच्यासमोर बंद केला आणि फ्रिजच्या पिनेला हात लावून तसेच वाकून उभे राहिले, आमच्याकडे पाठ.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यानं कागदावर काढून दिलंय, डोंगर असतो आणि मग एकदम कडा. वरचं, बारीक आवाजांचं सगळं गेलंय. जनरेटरनं नेलं." पिन काढली. "ते काही नाही. पण ही अनघाची आहे. स्वतःची, घरी रेकॉर्ड केलेली. तीन आठवडे विचारतेय, बाबा ऐकलीत का. सगळ्यांनी छान म्हटलंय, पण तुम्ही सांगाल ते खरं, म्हणते. साडेचारला फोन करणार आहे. खोटं छान मी तिला आजवर कधी म्हटलेलं नाही, वहिनी."

मी पदर खोचला आणि खुर्चीत बसले.

हे सोफ्यावर बसले आणि, खोटं नाही सांगत, पहिल्यांदाच जागे राहिले.

एकटी गिटार होती. मी डोळे मिटले आणि जे जे येईल ते सांगत गेले, जोरात. "सुरुवातीला जरा घाबरलीय. आता नाही. जाडी तार डावीकडे. खरखर आहे, तव्यावर भाकरी टाकल्यासारखी, बरी वाटतेय. अंगण... आहे. मोठं नाही. मागे भिंत आहे कुठलीतरी, जवळच." देवस्थळी खाली फरशीवर मांडी घालून वहीत लिहीत होते, भराभर. "आता हळू वाजवतेय. हळू ते हळूच ठेवलंय हो, दाबलेलं नाही. आणि हा बघा, च्युईक! बोट घसरवलं!"

पेन थांबलं. "घसरवलं? उचललं नाही?"

"नाही. अगदी तुमच्या जहाजवाल्यासारखं."

मग शेवटाकडे, लांब कुठेतरी, ओळखीचं काहीतरी आलं. मला आधी वाटलं आमच्याच घरातून आलं. मी डोळे उघडले.

"अहो, कुकर!"

"लागलाय का तुमचा?"

"माझा नाही. ह्यात. तुमच्या घरचा. पुण्यातला."

ते गुडघ्यांवर सरकत स्पीकरशी गेले, जाळीला कान लावला. काही ऐकू येत नव्हतं त्यांना, मला दिसत होतं. तसाच कान ठेवून हळूच विचारलं, "किती शिट्ट्या?"

"दोन. तिसरी सुरू झाली आणि मध्येच गेली. कोणीतरी धावत जाऊन गॅस बंद केला असणार."

"सुनंदा," ते म्हणाले. "तिला तिसरी कधी चालत नाही. वरणाचा गाळ होतो म्हणते." आणि चष्मा काढून टॉवेलनं तोंड पुसलं. घाम होताच म्हणा.

फोन आला तेव्हा साडेचार व्हायचे होते. आम्ही उठत होतो, त्यांनी हातानं बसा म्हणून खूण केली. वही मांडीवर, बोट ओळीवर.

"हं, ऐकली. तीनदा. सुरुवातीला घाबरलीस... मग सावरलीस. हळू ते हळू ठेवलंस, हे फार चांगलं केलंस. अंगण आहे, लहान आहे पण आहे. आणि ते बोट घसरवलंस ना, तिथे मी हात वर केला... अगं खरंच."

मग बराच वेळ पलीकडून काहीतरी चाललं होतं. ते घाईघाईनं म्हणाले, "नाही, नाही. कॉम्प्युटरवर साफ होत असेल, पण ती काढू नकोस. राहू दे... हो, ऐकली ना मी. का नाही ऐकणार? दोन, आणि एक अर्धी."